दांडीच्या बंधाऱ्याखालची टोपली

१

जानू तांडेल सोमवारी पालघरच्या कोर्टात साक्षीला उभा राहणार होता. शनिवारी सकाळी तो दांडीच्या बंधाऱ्याखालच्या दगडांत मेलेला सापडला.

शेजारी एक टोपली उपडी पडली होती. सुके बोंबील दगडांवर विखुरले होते. टोपलीच्या कडेला हिरवी चिंधी बांधलेली होती, आणि हिरव्या चिंधीची टोपली कुणाची हे दांडीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. ती जानूच्या एकुलत्या मुलीची, हिराची.

दुपारपर्यंत पोलिसांनी हिराला नेलं.

अॅडव्होकेट हिमानी पागधरेला ही बातमी तिच्या आईने फोनवर सांगितली, तेव्हा ती पालघरच्या आपल्या छोट्या ऑफिसात जानूबाबाला सोमवारी विचारायचे प्रश्नच काढत बसली होती. हिमानी दांडीचीच. गावातली पहिली वकील. काळा कोट घालून पहिल्यांदा गावात आली, तेव्हा हिराने भर बाजारात तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली होती आणि म्हटलं होतं, "आता माजी केस तूच चालव. दुसरा वकील मी करनार नाय."

केस साधी होती, पण गावाच्या डोळ्यांत खुपणारी. जानू तांडेलची अणुशक्ती केंद्राच्या रस्त्याला लागून जमीन होती. मुलगे दोघे, मेहुल आणि दिपेश. त्यांचं म्हणणं, जमीन बापाने स्वतःच्या कमाईतून घेतली. तो हयात आहे तोवर तीत कुणाचा हक्क नाही आणि पुढेही तो ती मुलग्यांनाच देईल. हिराचं म्हणणं, ही जमीन आजोबांच्या होडीच्या उत्पन्नातून आली, म्हणजे वडिलोपार्जित. आणि वडिलोपार्जित असेल, तर आजच्या कायद्याने मुलीचा तीत मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क.

खरं काय ते एकाच माणसाला ठाऊक होतं. तोच आता बोलू शकत नव्हता.

"आई, हिराताईने काही सांगितलं पोलिसांना?"

"काय सांगते? मान वर करून जीपमदी बसली. जशी काय वरातीला निघाली."

२

रविवारी हिमानी तिला पोलीस ठाण्यात भेटली. हिरा पन्नाशीची, काटक बाई. आई गेली तेव्हा हिराने दोन्ही भावांना काखोटीला मारून वाढवलं होतं, आणि त्यापायी स्वतःचं लग्न केलं नव्हतं. आताही ती बाकावर ताठ बसली होती.

"मी काय पन केलं नाय, हिमानी. एकदा सांगितलं. दहादा नाय सांगनार."

"शुक्रवारी दुपारी तुमचं आणि जानूबाबाचं भांडण झालं. अख्ख्या आळीने ऐकलंय. 'मला तुझी भीक नको' असं तुम्ही ओरडलात."

"ओरडली. मग?"

"मग पोलीस म्हणतात, बाप तुमच्याविरुद्ध साक्ष देणार होता. म्हणून संध्याकाळी बंधाऱ्यावर तुम्ही त्याला ढकललंत."

हिरा खाली बघत म्हणाली, "बाबा माज्याकडं आला ना, तर म्हनतो, 'पोरी, सोमवारी कोर्टात सांगतो, तुला पन हिस्सा देतो.' मी म्हटलं, 'देतो' कशाला म्हनतो? तू कोन देनारा? आज्याच्या होडीवर ती जमीन आली. ती माजी हायच. भीक नको मला तुजी."

"आणि बाबा?"

"आदी तापला. मग हसला. म्हनला, 'बरं बाय. कोर्टात देतो नाय म्हननार. तिचं हाय, असं म्हनेन.' आनि गेला. तो शेवटचा."

कोर्टात वर्षभर चाललेला वाद बापलेकीने एका शब्दावर मिटवला होता. 'देतो' म्हणजे जमीन बापाची एकट्याची. 'तिचं हाय' म्हणजे वडिलोपार्जित.

"हे पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"साक्षीला कोन? मीच ना? आपल्याच तोंडाने आपली वकिली करायची तर तू कशाला?"

संध्याकाळी भरतीच्या आधी होड्या बघायला बंधाऱ्यावर जायची जानूबाबाची रोजची सवय. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे तो शुक्रवारी संध्याकाळीच पडला होता. डोक्याला मार, फुप्फुसात पाणी, आणि पाय दगडांच्या फटीत अडकलेला. मार्गशीर्षाची पौर्णिमा, उधाणाची भरती. रात्री पाणी त्याच्यावरून गेलं, पहाटे ओसरलं.

"आणि टोपली?"

"टोपली माजी. पन मी ती तितं नेली नाय. रात्री छपराखाली, ताडपत्रीत होती."

३

सोमवारी कोर्टात जानू तांडेल मयत झाल्याचं सांगायला हिमानी उभी राहिली. ती खाली बसते न बसते तोच भावांचे वकील उठले. दोन्ही भावांच्या वतीने त्यांचा अर्ज तयार होता: जमीन बापाच्या स्वकमाईची धरावी, आणि हिरा ही बापाच्या खुनातली आरोपी असल्यामुळे तिला वारस म्हणून धरू नये.

बाप जाऊन तीन दिवस झाले नव्हते.

न्यायाधीशांनी अर्ज नोंदवून पुढली तारीख दिली. हिमानी बाहेर येऊन जिन्यातच थांबली. डोक्यात एकाएकी दिवा लागावा तसं झालं.

जानूबाबा मृत्युपत्र न करता गेला. म्हणजे जमीन वडिलोपार्जित ठरली तरी हिराचा हिस्सा होता, आणि स्वकमाईची ठरली तरी बापामागे मुलगी म्हणून तो तिला मिळणारच होता. बापाच्या मरणाने भावांचा सगळा डावच उधळला होता. कुठूनही गेलं तरी हिरा वाटेत उभीच. तिला बाजूला करायला कायद्यात एकच फट होती, वारसा कायद्याचं पंचविसावं कलम. ज्याने खून केला, त्याला मेलेल्याचा वारसा मिळत नाही.

आजवर सगळे विचारत होते, जानू मेल्याने कुणाचा फायदा झाला? प्रश्नच चुकीचा होता. हिरा खुनी ठरली तर फायदा कुणाचा?

दोन्ही भावांचा. आणि तिसऱ्या एका माणसाचा. बोईसरचा जमिनीचा दलाल प्रदीप, ज्याने ती जमीन घेण्याचं भावांशी तोंडी ठरवून ठेवलं होतं, आणि हिराच्या दाव्यामुळे ज्याचं सगळं घोडं अडलं होतं.

४

प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते जयवंतीकाकूंनी. बंधाऱ्याला लागून त्यांची चिकू-नारळाची वाडी. काकूंचे गुडघे दुखत, म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज पहाटे वाळूतून चालायला सांगितलं होतं. त्यांनी हिमानीला ओसरीवर बसवलं, पुढ्यात शहाळं ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.

"आधी मला आवाज आला. कुडुम, कुडुम. म्हटलं, एवढ्या पहाटे पापड कोण खातंय? बघते तर दोन कुत्री. दगडांत बसून बोंबील चावतायत. मी हाड्‌हाड् केलं, पुढे आले, आणि जानूभाऊ दिसले."

"कसे होते?"

"उताणे. शर्ट चिंब. केसांत वाळू, कानांत वाळू. पण तोंड..." काकू पुढे झुकल्या. "तोंड इतकं स्वच्छ की काय सांगू! आत्ता न्हाऊन झोपलेत म्हणावं. डोळे मिटलेले."

"तुम्ही हात लावलात? तोंड पुसलंत?"

"छे गं! मी दोन हातांवरूनच किंचाळले. शेजारचा चिंधू धावत आला जाळं टाकून. त्यानेच सगळ्यांना अडवलं, पोलीस येईस्तो कुणाला खाली उतरू दिलं नाही."

हिमानीने शहाळ्याला तोंडही लावलं नाही. केसांत वाळू, कानांत वाळू, आणि चेहऱ्यावर एक कण नाही. समुद्र असा निवडून निवडून धूत नाही.

जानूबाबाचं तोंड कुणीतरी पुसलं होतं, काकू येण्याच्या आधी.

५

धाकटा दिपेश तिला किनाऱ्यावर होडीपाशी भेटला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"मी शनिवारी आत आलो तो दुपारच्या भरतीला. पहाटे बाहेर नांगरावर होतो, सगळे खलाशी होते. पानी उतरलेलं, होडी आत कशी आननार? फोन आला तवा किनारा समोर दिसत होता, आनि मी काय करू शकत नव्हतो." त्याने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "बाबाचं तोंड मी दुपारी बगितलं, दवाखान्यात."

"मग ताईविरुद्धच्या अर्जावर सही कशी केलीस?"

"भाऊने सांगितलं, इतं कर. मी केली. मला ती सही आता चावते." तो होडीच्या कडेला टेकला. "ताईने मला अंगाखांद्यावर खेळवलं. ती बाबाला मारेल? पन मग टोपली कशी गेली तितं?"

दलाल प्रदीप कोर्टासमोरच्या चहाच्या हॉटेलात सापडला. गळ्यात साखळी, हातात दोन फोन, बोलणं लोण्यासारखं.

"मॅडम, वाईट झालं. म्हातारा भला माणूस. मी मयतीला गेलो होतो, पण लांबच उभा राहिलो. मला प्रेताजवळ जाववत नाही. लहानपणापासूनच. माझ्या सख्ख्या बापाला मी शेवटचं पाणीसुद्धा पाजलं नाही, थोरल्या भावाने पाजलं."

"पण हिरा सुटली तर तुमचं काम अडेल."

"अडेल की. पण कायद्याची थोडी माहिती मलाही आहे. खुन्याला वारसा नाही, हे तर मी मेहुलला गमतीत केव्हाच सांगितलं होतं. दिवाळीत. म्हटलं, बघ बाबा, भांडणात कुणी कुणाच्या जिवावर उठू नका, जमीन जाईल!" तो हसला. हिमानीच्या चेहऱ्याकडे बघून त्याने चहाचा कप उचलला.

६

थोरल्या मेहुलचं ऑफिस बोईसरला, कारखान्यांच्या रस्त्यावर. तो कामगार पुरवायचा ठेका घेई. दाराशी आठ-दहा मजूर उकिडवे बसले होते. "सेठ अंदर हैं, मैडम, लेकिन किसी से बात नहीं करते," एकाने सांगितलं.

मेहुल खरोखर कुणाशी बोलण्यासारखा दिसत नव्हता. मुंडन केलेलं डोकं, समोर थंड झालेला चहा.

"तू तिची वकील हायस. मी तुज्याशी का बोलू?"

"कारण तुम्ही माझ्याच गावचे. मी लहान असताना जत्रेत मला खांद्यावर बसवलं होतंत."

त्याने मान दुसरीकडे वळवली. "शुक्रवारी संध्याकाळी मी गावात गेलेलो. बाबाला भेटलो, लगेच परत आलो. शनिवारी फोन आल्यावर गेलो."

"बाबा काय म्हणाले शुक्रवारी?"

"काय नाय. तब्येतीचं." त्याने थंड चहा दूर सारला. "माज्या बापाबद्दल नको विचारू, हिमानी. टोपली बगितली ना सगळ्यांनी? मग झालं."

आणि तो हुंदका देऊन रडला. दाराशी बसलेले मजूर वळून बघायला लागले इतका मोठ्याने. हिमानीने नाटकी रडणारे अशील पाहिले होते. हे रडणं नाटकी नव्हतं. म्हणूनच ती जास्त गोंधळली. ज्याला बाप इतका प्रिय, तो बापाच्या मरणाचा सौदा करेल?

संध्याकाळी ती दांडीला आईकडे जेवायला थांबली. आई चुलीपाशी बसून कालवणाची तयारी करत होती. तिने सुक्या बोंबलांची डोकी कडाकडा मोडली, तुकडे पातेल्यातल्या पाण्यात टाकले आणि कांदा चिरायला घेतला. थोड्या वेळाने तिने एक तुकडा पाण्यातून उचलून हिमानीसमोर धरला. तो बोटांवर लोंबत होता.

"बग कसा फुगला. आता मोडून दाकव. पान्यात पडला की बोंबलाचा कना जातो."

हिमानी त्या लोंबणाऱ्या बोंबलाकडे बघतच राहिली. मग ताडकन उठली.

"आई, कुडुम कुडुम!"

"काय झालं गं तुला?"

"जेवण झाकून ठेव. मी फौजदारांना भेटून येते."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार हिराला घेऊन तिच्या खळ्यात आले. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या रिकाम्या उभ्या होत्या. जयवंतीकाकू होत्या, दिपेश होता, प्रदीप होता. मेहुलला पोलिसांनी बोलावून आणलं होतं. कुंपणाबाहेर निम्मं गाव जमलं होतं.

हिरा जीपमधून उतरली, पदर सारखा केला आणि आपल्याच खळ्यात यजमानीण असल्यासारखी उभी राहिली.

"बोला, मॅडम," फौजदार म्हणाले. "तुमच्या शब्दावर आलोय."

हिमानीने दोन बोंबील घेतले. एक तसाच सुका, दुसरा रात्रभर समुद्राच्या पाण्यात ठेवलेला. तिने सुका मोडला. कडाड् असा आवाज झाला. दुसरा मोडायला गेली, तो नुसताच वाकला.

"काकू, तुम्ही त्या सकाळी कोणता आवाज ऐकलात?"

"पहिला," काकू म्हणाल्या. "कुडुम कुडुम."

"साहेब, जानूबाबा शुक्रवारी संध्याकाळी पडले. रात्री उधाणाचं पाणी त्यांच्यावरून गेलं. शर्ट सकाळीसुद्धा चिंब होता. मग त्यांच्या शेजारचे बोंबील कुरकुरीत कसे? टोपली संध्याकाळपासून तिथे असती, तर वाहून गेली असती. अडकून राहिली असती, तर बोंबील चिंधीसारखे झाले असते. ती टोपली पाणी ओसरल्यावर तिथे ठेवली गेली. बाबा मरून कित्येक तास झाल्यावर. हिराताईने मारलं असतं, तर पहाटे परत येऊन स्वतःच्या खुणेची टोपली तिथे कशाला ठेवली असती?"

कुंपणाबाहेर कुजबुज उठली. फौजदारांनी हात वर केला.

"मग कुणी ठेवली?"

"हिराताईला खुनी ठरवून ज्याला वारशातून काढायचं होतं, त्याने. तिघांचा फायदा होता. दिपेशभाऊ नाहीत. टोपली ठेवली तेव्हा ओहोटी होती, आणि ओहोटीला होडी आत येत नाही. ते बाहेर नांगरावर होते, खलाशी साक्षीला आहेत. राहिले दोन."

प्रदीप एक पाऊल मागे सरकला.

"ज्याने टोपली ठेवली त्याने आणखी एक गोष्ट केली. जानूबाबाच्या केसांत वाळू होती, कानांत होती, पण चेहऱ्यावर नव्हती. कुणीतरी त्यांचं तोंड पुसलं, डोळे मिटले. प्रदीपशेठ प्रेताच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत; मयतीला लांबच थांबले, ते गावाने पाहिलंय. परका माणूस टोपली टाकून पळाला असता. मेलेल्याच्या डोळ्यांतली वाळू..."

ती पुढे बोलली नाही. कारण हिरा हलली होती. दोन पोलिसांच्या मधून ती सरळ मेहुलसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"तू पुसलास ना रे, बाबाचा तोंड?"

मेहुलने नाही म्हणायला मान हलवली आणि ती मध्येच थांबली.

"वाळू होती, ताई," तो म्हणाला. "डोळ्यांत वाळू होती बाबाच्या. बगवला नाय मला."

८

मग त्याने सगळं सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी बाप त्याला म्हणाला होता, "सोमवारी मी कोर्टात 'देतो' नाय म्हननार. हिराचं हाय, असं म्हननार. जमीन माज्या बापाच्या होडीतून आली, खोटं बोलून मला मरायचं नाय." मेहुल भांडून बोईसरला गेला. रात्रभर झोप नाही. पहाटे पुन्हा विनवायला आला तर घर उघडं, बाप नाही. शोधत बंधाऱ्यावर गेला. शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरून बाप खाली पडला होता, अंग गार झालं होतं.

"मी खाली बसलो, तोंड पुसला. आनि मग प्रदीपचं बोलनं डोक्यात आलं. उटलो, ताईच्या छपराखालची टोपली आनली. का आनली, मला विचारू नका. मी तवा मानूस नव्हतो."

फौजदारांनी हिमानीकडे पाहिलं. "देतो नाय, तिचं हाय. हेच तुम्ही मला काल सांगितलंत."

"हिराताईने रविवारी मला सांगितलं, साहेब. ठाण्यात. तिच्याशिवाय हे शब्द फक्त मेहुलभाऊंना माहीत होते."

दिपेशने पुढे होऊन हिराच्या पायांना हात लावला. तिने त्याला उठवलं, पण तिची नजर मेहुलवरच होती. पोलीस त्याला जीपकडे नेत होते. शुक्रवारी संध्याकाळी तो बोईसरला परतल्याचं मजुरांनी सांगितलं होतं, म्हणून खुनाचा नाही, पण खोटा पुरावा उभा केल्याचा गुन्हा त्याच्यावर लागणार होता, तो लागलाच.

कुंपणाबाहेरून कुणीतरी ओरडलं, "आता त्याचा हिस्सा पन तुजाच, हिरा!"

"गप रे!" हिरा कडाडली. "त्याने खून नाय केला. कायदा त्याला बापाचा पोर म्हनतो तर मी कोन नाय म्हननारी? मला माजा हिस्सा हवा. दुसऱ्याचा मी कदी मागितलाय?"

हिमानीने त्या दिवशी पहिल्यांदा आपला काळा कोट नीट खाली ओढून घेतला. ही बाई आपली अशील आहे, याचा तिला अभिमान वाटला.

जामिनावर सुटल्यावर मेहुल स्वतःहून तिच्या ऑफिसात आला. "बाबा जे बोलला, ते मी कोर्टात सांगू शकतो का?" त्याने विचारलं. मेलेल्या माणसाचं सांगोवांगी बोलणं कोर्ट सहसा ऐकत नाही. पण माणूस स्वतःच्या हिताविरुद्ध बोलून गेला असेल, तर ते ऐकतं. जमीन माझ्या एकट्याची नाही, असं मालकानेच म्हटलेलं. हिमानीने त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं. भावांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला, कारण त्यांचाच अशील त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता. मेहुलने एकही शब्द गाळला नाही. दिपेशने अर्ज मागे घेतला.

जमीन वडिलोपार्जित ठरली. तिघांना सारखा हिस्सा.

मोजणीचा दिवस उजाडला तेव्हा पुढल्या वर्षाची थंडी सरत आली होती. वीजकेंद्राच्या रस्त्यावरून बसगाड्या कामगारांना घेऊन चालल्या होत्या. मोजणीवाल्याने तीन हिश्शांच्या खुणा केल्या, खुंट्या ठोकल्या आणि कागद हातात घेऊन समुद्राकडच्या तुकड्यावर येऊन उभा राहिला. समोर हिरा होती, हिमानी होती, दिपेश होता, आणि जरा अंतर राखून मेहुल. मोजणीवाल्याने सवयीने दोघा पुरुषांकडे पाहिलं.

"या हिश्शाचे मालक कोण? सही लागेल."

दिपेशने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मेहुल बोलला. पहिल्यांदाच तो खाली न बघता बोलला.

"ही आमची ताई. हिरा जानू तांडेल. मालक तीच."

हिराने हात पदराला पुसले आणि पुढे झाली.

"दाकवा," ती म्हणाली, "कुटं करायची?"